अंगण उखडले तेव्हा

पणजोबांना लोक ‘ओळंबा’ म्हणत, आजोबांना ‘थापी’, वडिलांना ‘पाणसळ’. आणि अवजारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या तीन गवंड्यांच्या घरातली चौथी, मिस्त्रीणबाई, भल्या सकाळी स्वतःच्याच अंगणावर पहार घालत होती. वडिलांनी ओतलेले काँक्रीट. तिसऱ्या घावाला तडा गेला, चौथ्याला ढलपा निघाला. तो तिने पायाने लोटून दिला.

काका दात घासण्याचा ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आले.

“डोकं फिरलंय का तुझं? माझ्या भावाच्या हातचं काम आहे हे! बारा वर्षांत एक थेंब साचला नाही इथे.”

“नाही साचला. गेला कुठे मग?”

“उताराने गेला. पाणी काय डोंगर चढतं?”

“परटीणमावशीच्या विहिरीत गेला. तुमच्या तीन टेम्पोंचं तेल आणि काजळी घेऊन.”

खालच्या गल्लीतल्या परटिणीला दवाखान्याने आदल्या दिवशी चाळीस चादरी परत पाठवल्या होत्या. डिझेलचा वास येतो. महिन्याभरात सुधारणा नसेल तर काम दुसरीकडे. चादरींचे ते गाठोडे तिने फाटकात आणून आदळले, तेव्हा मिस्त्रीणबाईने घराण्याचे ठरलेले उत्तर दिले होते: मावशी, पाणी उतारानेच जाणार. म्हातारी गाठोडे उचलून निघून गेली. रात्रभर मिस्त्रीणबाईला आपलेच ते उत्तर डाचत राहिले.

“तिच्या चार चादरींसाठी घर फोडणार?”

“बाबा शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या चादरी अकरा महिने कोणी धुतल्या? तुम्ही? तुम्ही तर दारातूनच नाक दाबून ‘बरं आहे ना’ विचारायचात!”

काकांनी ब्रश तोंडातून काढला.

“आणि टेम्पो?” ते म्हणाले.

“गॅरेजवर ठेवा, तिथेच धुवा. इथे चाक लागलं, तर चाकाखालची जमीनही उकरीन.”

अकरा दिवस काम चालले. कुंपणालगत कंबरभर खोल चर. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वाळू आणि माती. मातीत कर्दळी आणि लांब मुळांचे गवत. उरलेल्या अंगणात तिने दगड वाळूवर बसवले, मध्ये बोटभर फटी सोडून, आणि उतार फाटकाऐवजी चराकडे काढला. प्रत्येक फटीपाशी तिचा हात सवयीने सिमेंटच्या घमेल्याकडे जाई आणि ती तो मागे ओढी. मग मावशीची विहीर दोनदा उपसून तळाचा काळा गाळ तिने स्वतः खरवडून काढला. मावशी काठावर बसून होती. तिने साधे पाणीही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस कोसळला. चरात घोटाभर पाणी तुंबे आणि सकाळपर्यंत जमिनीत मुरून जाई. फाटकाबाहेर ओहोळ आला नाही.

चौथ्या दिवशी ती विहिरीवर गेली. मावशीने बादली शेंदली, तीत पांढरी चादर बुचकळली आणि ओले टोक नाकाशी धरून लांब श्वास घेतला.

“नाही वास.” आवाजात कौतुकाचा लवलेश नव्हता.

“बाबांच्या चादरी धुतल्यात, मावशी. तो उपकार—”

“उपकार?” म्हातारी उसळली. “तुझ्या बापाने ते अंगण ओतलं आणि पहिल्याच पावसात माझी विहीर गढूळ झाली. सांगायला गेले, तर हसला मला. मग मीही तुमच्या फाटकात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. अंथरुणातून उठू नयेस, म्हटलं. वर्षाच्या आत पडला तो. अकरा महिने मी चादरी नव्हते धूत, बाई. जीभ धूत होते.”

मिस्त्रीणबाईची मूठ आवळली. ती निघून जाण्यासाठी वळलीही. मग थांबली.

“माझं तेव्हाच फिटलं,” मावशी म्हणाली. “तुझ्या बापाचं राहिलं होतं, ते आज फिटलं. पैचीही बाकी नाही. आता अशी उभी काय राहिलीस? धर ते टोक.”

तिने टोक धरले. दोघींनी समोरासमोर उभ्या राहून चादरीला पीळ घातला. मिस्त्रीणबाईने हवा त्याहून जास्त जोर लावला, आणि म्हातारीनेही.