होतं तसं करून दे

"आली की बाहेर! झाली का?" ताईनं विचारलं.

ट्रे पुढे आला होता खरा. पण बारक्यानं सीडी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली आणि नुसती मान हलवली. लॅपटॉपच्या पडद्यावर आलंच होतं, लिहिलेलं नीट वाचता येत नाही म्हणून. कडेला फुंकर मारल्यासारखा एक धुरकट डाग होता. कोऱ्या सीड्यांची ती चळत कपाटाच्या तळाशी पडून पडून दमट झाली होती, आणि नव्या आता बाजारात धड मिळत नव्हत्या.

"ही पण गेली," तो म्हणाला.

"मग आता?"

"आता दुसरी. तू बस गं. पाणी पी जरा."

ताई बसलेलीच होती, पण कुणी उठवेल या बेतानं, स्टुलाच्या टोकावर. पर्स मांडीवर आणि पट्टा मनगटाला गुंडाळलेला. घरी शेजारणीला बसवून आली होती.

बारक्या हे त्याचं नाव नव्हे, पण शेंडेफळ म्हणून चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशी उलटली, शरीर असं सुटलं की दुकानाच्या दारात तो उभा राहिला तर आत अंधार व्हायचा, तरी तो बारक्याच. गल्लीत सगळी मोबाइलच्या कव्हरांची रंगीत दुकानं, आणि शेवटी याचं, जुन्या सांगाड्यांनी छतापर्यंत भरलेलं. ज्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायला तयार नसायचं तो फिरत फिरत याच्याकडे यायचा. वजनकाट्यावरचा, छापखान्यातला, गुरांच्या दवाखान्यातला. मालकांचं म्हणणं एकच असायचं, नवा नको, यावरच आमचं सगळं चालतं. नव्या मशिनला पेनड्राइव्ह लावला की झालं. ही जुनी खोडं पेनड्राइव्हकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांच्यावर मूळ प्रणाली पुन्हा चढवायला सीडीच लागते, आणि तीही अगदी सावकाश लिहिलेली, कारण सीडी वाचणारी त्यांची भिंगं थकलेली असतात. घाईत लिहिलं की ती मध्येच अडकतात आणि मग पुढेही जात नाहीत नि मागेही येत नाहीत.

त्यानं चळतीच्या मधल्या दोन-तीन सीड्या काढून पाहिल्या, त्यातली एक बरी वाटली ती मऊ फडक्यानं पुसली, वेग सगळ्यांत कमी ठेवला आणि ट्रे आत ढकलला. सीडी लिहिणारा बर्नर घुरघुरू लागला.

"फोनवर सांगता येत नव्हतं," ताई म्हणाली. "समोर असतात ना. आपल्याबद्दल बोलतायत हे कळतं त्यांना. कोण बोलतंय ते कळत नाही, पण एवढं कळतं."

दाजी आयुष्यभर आराखडे काढत आले होते. दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांच्या भिंती, दारं, मोऱ्या. नोकरी संपली तरी घरच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी बसायचे. डोकं विसरायला लागलं, आधी किल्ल्या, मग दिवस, मग माणसं, तरी त्या टेबलाशी बसले की ते शांत असायचे. तेवढ्यात ताई आंघोळ उरकायची, स्वयंपाक करायची, कधी पाय लांब करायची. मग एक दिवस कॉम्प्युटरचा डबा टकटक आवाज करायला लागला आणि बंद पडला. तेव्हापासून दाजी घरात ठरेनात. "ऑफिसला उशीर झाला" म्हणून निघायचे. मागच्या आठवड्यात मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले, पायात दोन वेगळ्या चपला.

"पोरानं नवा आणून दिला की," बारक्या म्हणाला.

"दिला ना. एवढा मोठा पडदा. हे बसले समोर आणि म्हणाले, हे माझं टेबल नाही. कुणाचं तरी आहे, त्याला परत द्या." ताई हसली, पण ते हसू ओठांवरच विरलं. "बारक्या, मला त्यातलं काही कळत नाही. पण तो होता तसा करून दे. अगदी होता तस्सा. मला दिवसातून तासभर मिळू दे रे. मी फार दमलेय."

ताईच्या तोंडून हा शब्द त्यानं आजवर ऐकला नव्हता. दोन बाळंतपणं, सासूचं अंथरूण, सगळं तिनं अंगावर काढलं, पण दमले कधी म्हणाली नव्हती. तो पडद्यावरच्या सरकत्या पट्टीकडे बघत राहिला.

खरं तर त्या घरात जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तरुणपणी दाजींनीच त्याला आपल्या ऑफिसात चिकटवलं होतं. चार-सहा महिन्यांत तो कंटाळला, आणि नोकरी सोडून रस्त्याच्या कडेला टेबल मांडून दुरुस्त्या करायला लागला. दाजींना ते फार लागलं. शब्द टाकून लावलेली नोकरी! त्यानंतर चारचौघांत ते म्हणायचे, "आमच्या मेहुण्याला खुर्ची टोचते, म्हणून तो स्क्रू घेऊन जमिनीवर बसतो." लोक हसायचे. बारक्याही हसायचा. पण घरात कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा दाजींनी तो दुसऱ्या दुकानातून घेतला, मेहुण्याचं दुकान पायाखालच्या वाटेवर असताना. ते मात्र बारक्याला गिळता आलं नाही. मग त्याचं जाणं लग्नकार्यापुरतं उरलं, आणि पुढे तेवढंही राहिलं नाही.

बर्नर थांबला. पडताळणी सुरू झाली. दोघंही बघत बसली. अखेर पडद्यावर हिरवी खूण आली.

"चल," तो म्हणाला. त्यानं सीडी कागदाच्या पाकिटात घातली, एका सांगाड्यातून काढून तपासून ठेवलेली जुन्या पद्धतीची हार्डडिस्क पिशवीत टाकली आणि शटर ओढलं.

वाटेत ताईनं बजावलं, "एक ऐक. ओळखलं नाही तर ओळख पटवायला जाऊ नकोस. परवा पोरगा म्हणाला, बाबा, अहो मी तुमचा मुलगा. तर ओरडायला लागले, माझा मुलगा शाळेत गेलाय, तू कोण? दोघंही नंतर रडत बसले."

दार शेजारणीनं उघडलं. आत वरच्या बाजूला, सहज हात पोचणार नाही अशी नवी कडी बसवलेली होती. शेजारीण गेली आणि ताईनं टाचा उंचावून ती कडी लावली.

दाजी खोलीच्या मधोमध उभे होते. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एक घर चुकून लावलेली. केवढा दरारा होता या माणसाचा! आता मान कॉलरमध्ये हरवली होती.

"कोण आहेत हे?" त्यांनी ताईला विचारलं.

"अहो, हा आपला—"

"दुरुस्तीवाला," बारक्या मध्येच म्हणाला. "कॉम्प्युटर बघायला आलोय."

दाजींचा चेहरा खुलला. "या, या. बरं झालं आलात. माझं काम अडलंय हो. ऑफिसातून सारखी विचारणा होतेय." आणि ते बाजूला झाले. बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली.

बारक्यानं खुर्चीच्या पाठीला हात लावला. मग तो म्हणाला, "मी खालीच बसतो. सवय आहे."

त्यानं डबा जमिनीवर घेतला, झाकण काढलं. इतक्या वर्षांत हा डबा तो पहिल्यांदाच आतून बघत होता. कुणाच्या तरी हातचा जोडलेला, पण आतल्या सगळ्या वायरी दाजींनी नंतर दोऱ्यानं बांधून एका रेषेत बसवल्या होत्या. त्या दोऱ्याच्या गाठीसुद्धा सारख्या अंतरावर. त्यानं मेलेली डिस्क काढून पाहिली, कानाशी धरून हलवली. तिच्यातलं काही परत मिळण्यासारखं नव्हतं. ताईला तो हळूच म्हणाला, "आधीचे आराखडे गेले."

"जाऊ देत," ताई म्हणाली. "त्यांना थोडंच आठवतंय काय काढलं होतं ते."

नवी-जुनी डिस्क बसली. त्यानं सीडी आत घातली. ड्राइव्ह फिरला, थांबला, पुन्हा फिरला. घरात तशी दुसरी सीडी नव्हती, आणि दुकानातल्या चळतीचा आता भरवसा नव्हता. एका फाइलपाशी पडद्यावरची पट्टी जी अडकली ती हलेचना. त्यानं ड्राइव्हच्या अंगावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आत भिंग पुढेमागे सरकत होतं, चाचपडत होतं. मग कुरकुरत एकदाचं वाचलं आणि पट्टी पुढे गेली.

"वाचतंय," तो ताईकडे वळून म्हणाला.

पण ताई सोफ्याच्या कोपऱ्यात टेकली होती. पर्सचा पट्टा अजून मनगटालाच होता. तोंड किंचित उघडं. ती झोपली होती.

आता दाजी त्याच्या शेजारी स्टुलावर येऊन बसले, पडद्याकडे बघत. ओळखीची निळी पट्टी आली, डाव्या कोपऱ्यातलं बटण आलं, तशी दाजींची बोटं मांडीवर हलायला लागली. बारक्यानं आराखड्यांच्या प्रोग्रामची सीडी घातली. ती दाजींनी जपून ठेवलेली, वर त्यांच्याच ठाशीव अक्षरात नाव. तोही प्रोग्राम बसला. काळा पडदा उघडला, मध्ये पांढऱ्या दोन रेघांची फुली.

"बसा," बारक्या म्हणाला.

दाजी खुर्चीवर बसले आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डच्या कळांवर. न बघता. एक रेघ ओढली, मग दुसरी, काटकोनात. एक भिंत झाली. मग दुसरी भिंत. बारक्या बघत राहिला. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं त्याचा हात एकदाही चुकत नव्हता. तिसऱ्या भिंतीपाशी मात्र हात थांबला. दाजी पडद्याकडे टक लावून बसले. पुढे काय ते त्यांना सापडेना. त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा पहिली भिंत काढायला घेतली. चिडले नाहीत, घाबरले नाहीत. जणू काम आता कुठे सुरू होत होतं.

थोड्या वेळानं, हात न थांबवता दाजी म्हणाले, "आमच्या हिचा भाऊ पण हेच काम करतो."

बारक्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "हो का?"

"हो. बारक्या म्हणतात त्याला. नावापुरता बारक्या हं, अंगानं चांगला भरलाय." दाजी हसले. "मी लावली होती त्याला नोकरी. सोडून गेला."

"राग आला असेल तुम्हाला."

"आला ना. येणारच." एक रेघ झाली. "पण हाताला गुण आहे पोराच्या. तुमच्यासारखाच बसतो, जमिनीवर मांडी घालून. ऑफिसात राहिला असता तर कुजला असता. बरं केलं त्यानं."

बारक्यानं फडकं खाली ठेवलं. ताईकडे बघितलं, तर ती गाढ झोपेत. ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच. तो म्हणाला, "हे त्याला कधी सांगितलंत का?"

दाजींचा हात थांबला. त्यांनी विचार केला, अगदी कपाळाला आठ्या घालून, खरंच आठवायचा प्रयत्न केला.

"सांगायला तो यायला पाहिजे ना," ते म्हणाले. "येतच नाही. तुम्ही एकाच धंद्यातले. भेटला कुठं तर सांगाल का?"

"सांगतो," बारक्या म्हणाला.

दाजींनी समाधानानं मान डोलावली, आणि लगेच त्यांच्या डोळ्यांतून ते सगळं निघून गेलं. बोललो होतो याचीही खूण तिथं उरली नाही. ते पुन्हा भिंतीकडे वळले.

बारक्यानं हत्यारं गोळा केली, डब्याचं झाकण लावलं. काम झालं होतं. निघायला हवं होतं, दुपारनंतर छापखानेवाला येणार होता. तो उठला, गुडघे धरून, आणि दारापाशी जाऊन वरच्या कडीला हात लावला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो बाहेर गेला की ही कडी आतून लावायला कुणीतरी हवं. म्हणजे ताईला उठवायला हवं.

त्यानं ताईकडे बघितलं. तिच्या कपाळावरच्या नसा सैल पडल्या होत्या. झोपेत ती त्याला लहानपणी कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलीसारखी दिसत होती.

"झालं का हो?" दाजींनी विचारलं. मग त्यांचंही तिकडे लक्ष गेलं आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बाई झोपल्यात. दमलेल्या दिसतात."

"नाही झालं अजून," बारक्या कुजबुजला. "थोडं राहिलंय."

"करा, करा. सावकाश होऊ द्या. मी आहेच."

बारक्या परत आला, पिशवी ठेवली आणि खाली बसला. झाकण काढलं. आतला एक घट्ट बसलेला, धडधाकट स्क्रू त्यानं सावकाश सैल केला, तळहातावर घेऊन बघितला, पुन्हा जागच्या जागी लावला आणि तितकाच सावकाश घट्ट केला. मग शेजारचा घेतला.

त्याला नीट दिसावं म्हणून दाजींनी टेबलावरच्या दिव्याची मान वाकवली आणि उजेड त्याच्या हातांवर पाडला.