पाववाल्यांच्या गाडीवरचा येशू

माझ्या बहिणीने, एमटने, मरायला टेकलेल्या शेजारणीचा हात धरून रानफुलांबद्दलचं प्रभूचं बोलणं म्हटलं, आणि ते इंग्रजीत म्हटलं. लॅटिनमध्ये म्हटलं असतं तर पुण्य लागलं असतं. इंग्रजीत म्हटलं म्हणून जळायची पाळी आली. देवाला आमची भाषा समजते की नाही, हे बिशपच्या कचेरीत ठरायचं होतं. तोवर आम्ही त्या भाषेत शिव्या द्याव्यात, मासळीचा भाव करावा आणि लेकरं झोपवावीत, एवढी मुभा होती.

कुणीतरी चुगली केली. बिशपचा तपासनीस मास्टर ऑस्बर्ट तिच्या बिअरच्या दुकानात येऊन बसला. हडकुळा, मऊ आवाजाचा माणूस. समोरची बिअर त्याने चाखलीसुद्धा नाही, तेव्हाच मी ओळखलं, हा प्यायला आलेला नाही.

"हे शब्द कुठं शिकलीस बाई? घरात पुस्तक आहे?"

पुस्तक तिच्याकडे उतरलेल्या एका फिरस्त्याचं होतं. ते सांगितलं असतं तर तो गेला असता आणि पाठोपाठ हीही.

"पुस्तक कसलं साहेब, मला वाचता कुठं येतं? सणाच्या खेळात ऐकलं. पाववाल्यांच्या गाडीवर. खुद्द प्रभूच्या तोंडून."

ख्रिस्तदेहाच्या सणाला आमच्या शहरात एकेका धंद्याचा संघ आपली गाडी चौकाचौकांतून ओढत नेतो आणि तिच्यावर बायबलातला एकेक प्रसंग करून दाखवतो, तोही इंग्रजीत. नोहाचं तारू सुतारांचं, शेवटचं भोजन आम्हा पाववाल्यांचं. तिथं पाव लागतो आणि तो आम्ही फुकट आणतो. गाडीवर उभं राहून खाटकाने देवाचं बोलणं ठणाणा ओरडलं तर तो सण, तेच खाली उतरून कुणी कुजबुजलं तर गुन्हा. मी यात खोट काढत नाही. मधे शिडी आहे, एवढंच म्हणतो.

ऑस्बर्ट हसला. "सण तर आलाच. पहिल्या चौकात मी बसेन. तुमच्या प्रभूने ते म्हटलं तर तू घरी जा. नाही म्हटलं तर माझ्याबरोबर चल."

आमच्या खेळात रानफुलांचं नावही नव्हतं.

त्या संध्याकाळी संघ भट्टीपाशी जमला. आमचा म्होरक्या वायमंड पिठाच्या पोत्यावर बसला होता.

"खेळात शब्द घालायचा नाही," तो म्हणाला. "पहिल्या चौकात नगराचा कारकून रँडल मंजूर केलेली पोथी मांडीवर घेऊन बसतो. बोट ठेवून ऐकतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की काठी आपटतो. अख्ख्या शहरासमोर. आणि यंदा शेजारी तो ऑस्बर्ट. काठी वाजली की सगळ्यांनाच नेईल."

"दादा, आपल्या पावाचं खमीर कुठनं येतं?" मी विचारलं.

खमीर म्हणजे एमटच्या बिअरच्या पिंपांवरचा फेस. शहरातला निम्मा पाव तिच्यामुळे फुगत होता.

"दुसरीकडनं आणू," एकजण हळूच म्हणाला.

"आण की. मागे आणलं होतंस. तो पाव लोकांनी गाडीच्या चाकाखाली दगडासारखा लावला होता."

सगळे हॅमोकडे बघायला लागले. हॅमो आमचा येशू. दाढी बरी म्हणून निवडलेला. पाठांतराच्या नावाने आनंद. स्वतःच्या लग्नात त्याला नवरीचं नाव आठवेना.

"माझ्याकडं बघू नका," तो म्हणाला. "आहे तेच मला येत नाही. तू म्हण ना, बहीण तुझी."

"मी यहूदा आहे, हॅमो, प्रभूला पैशासाठी विकणारा. ती म्हणाली प्रभूच्या तोंडून."

"मग तिनं यहूदाचं नाव घ्यायला काय झालं होतं?"

तरी एमटने त्याला ते शब्द शिकवले. तो पीठ मळायचा, ती म्हणायची, तो तिच्यामागून म्हणायचा. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला ते सलग एकदाही आलं नाही.

सणाच्या दिवशी चौक नुसता फुलला होता. बाकावर रँडल, पोथी, काठी. शेजारी ऑस्बर्ट. त्याच्यामागे दोन शिपायांच्या मधे एमट, डोक्याला स्वच्छ फडकं बांधून. आमची गाडी लागली. हॅमोने पाव मोडला, आपलं नेहमीचं बोलला, शिष्यांनी माना डोलावल्या. मग ती जागा आली आणि तो गप्प.

रँडलचं बोट थांबलं. हॅमोच्या दाढीतून घाम टपकत होता. एमटने मान खाली घातली.

मी उठलो. यहूदाने तिथं उठायचं नसतं.

"प्रभू," मी पिशवी खुळखुळवत म्हणालो, "इथं बसून पाव खाताय, पण उद्या काय खाणार? अंगावर काय घालणार? थैली मला सांभाळावी लागते!"

लोक हसले. यहूदा कंजूस, हे त्यांना पटलं. रँडलने काठी उचलली.

हॅमोने माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात टेबलाच्या फळीवर पीठ मळल्यासारखे हलायला लागले, आणि त्या हातांमागून शब्द आले. रानातली फुलं, त्यांचं सूत न कातणं, तरी राजाच्या कपड्यांहून देखणं असणं, सगळं. हळू, जड, भट्टीत बोलतात तसं. एक म्हातारी खाली तोंडातल्या तोंडात बरोबर म्हणत होती.

काठी अजून वरच होती.

"हे पोथीत आहे?" ऑस्बर्टने विचारलं.

रँडलने पानाकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर नगराने मंजूर केलेल्या खेळात बंदी असलेलं बोलणं आलं, आणि तेही त्याच्या काठीखाली. काठी त्याने हळूच मांडीवर ठेवली.

"आहे."

"दाखवा."

रँडलने पोथी मिटली. "ही नगराची पोथी आहे, मास्टर. बिशपच्या माणसाने हात लावायचा तर महापौरांची परवानगी लागते."

"मी फक्त बघतोय."

"बघायलाही लागते."

मागून खाटकांची गाडी आमच्या गाडीला ढुशा देत होती. ऑस्बर्ट उठला. "उद्या परवानगी घेऊन येतो," तो म्हणाला आणि शिपायांना हात केला. त्यांनी एमटला सोडलं.

दिवेलागणीला रँडल एकटाच तिच्या दुकानात आला. पोथी अंगरख्याखाली होती. त्याने स्वतःच दाराला कडी घातली.

"सकाळी तो पान उघडणार," तो म्हणाला. "तोवर ते तिथं हवं. सांग, मी लिहितो."

एमट बिअरचा पेला पुसत राहिली. "मला काही येत नाही साहेब. मी खेळात ऐकलं."

मी खिडकीच्या फटीतून बाहेर पाहिलं. गल्लीत कुणी दिसत नव्हतं. पण शिपाई काय, गल्लीत दिसावेत म्हणून थोडेच उभे राहतात?

रँडल वाट बघत बसला. मग त्याने समासातल्या कोऱ्या जागेवर टाक टेकवला आणि स्वतःच पुटपुटत लिहायला लागला. राजाचे कपडे आले, त्यांचा थाट आला. पुढे तो अडखळला.

एमटचा हात थांबला.

"तसं नाही," ती म्हणाली.

मी डोळे मिटले.

"मग कसं?"

"आधी फुलं येतात. राजा मागाहून."

रँडलने लिहिलेलं खरवडून काढलं आणि टाक पुन्हा शाईत बुडवला.

"सावकाश सांग," तो म्हणाला. "कचेरीत सगळं लॅटिनमध्ये. इंग्रजी लिहायची मला सवय नाही."