हात मावणारा फोन

बेबीने चौथा फोन पावतीपुस्तकाला टेकवून काउंटरवर उभा केला, तीन पावलं मागे सरली आणि दोन्ही हात छातीसमोर धरून पडद्यात पाहिलं. चेहरा दिसत होता, बोटंही दिसत होती. पण हात जरा फाकवताच दोन्ही पंजे पडद्याबाहेर गेले. तेवढ्यात फोन घसरला आणि पाठीवर आडवा झाला. बेबीने मान हलवली. नको.

"अहो, फोटो काय झकास येतात याच्यावर," दुकानदार म्हणाला. तो वहिनीकडे बघून बोलत होता. "त्यांना सांगा ना. पापडासारखा पातळ आहे. आणि हा मोतिया रंग! बायकांमध्ये हाच चालतो."

वहिनीने हातांनी सांगितलं. तिचे हात नणंदेइतके चपळ नव्हते, पण अकरा वर्षांत चांगले वळले होते. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर घरात दोघीच असायच्या, आणि तोंड मिटून बसणं वहिनीच्या स्वभावात नव्हतं. बेबीला ऐकू येत नव्हतं, तेव्हा वहिनीने तिच्याकडून एकेक शब्द मागून घेतला. आधी भांडीकुंडी, मग माणसं, मग माणसांबद्दलच्या कुचाळक्या. घरात दुसऱ्या कुणाला ती भाषा शिकायची गरज वाटली नाही. बेबीला काही सांगायचं असलं की हाक वहिनीला जायची. आणि चौतिशी ओलांडली तरी ती बेबीच राहिली होती.

बेबीचे हात झरझर चालले.

"ती म्हणते, फोटो नको काढायला. बोलायला हवाय," वहिनीने दुकानदाराला सांगितलं. "व्हिडिओवर. बोलायला तिला दोन्ही हात लागतात, मग फोन धरणार कशाने? तो आपला आपण उभा राहायला हवा. हात पसरले तरी आत मावायला हवेत. आणि बॅटरी..."

बेबीने पर्समधून जुना फोन काढून काउंटरवर ठेवला आणि बोटाने दूर ढकलला.

"हा वीस मिनिटांत मान टाकतो," वहिनीने पुरं केलं. "वाक्य अर्धं असताना."

दारात दादा स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. बेबीचा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा.

"केवढा घोळ घालून ठेवलाय!" तो म्हणाला. "मी सांगितलं होतं, साधा बटणांचा घ्या. मेसेज करता आला की झालं. हिला फोन करणार कोण आहे?"

हे वहिनीने सांगितलं नाही. पण भावाचे ओठ बेबीला लहानपणापासून पाठ होते. तिने सावकाश त्याच्याकडे पाठ फिरवली. तिने पाठ फिरवली की बोलणं संपलं, हे वहिनीला ठाऊक होतं. दादाला वाटलं, ती कपाट बघतेय.

मग ती खरोखरच कपाट बघायला लागली. सगळ्यात खालच्या फळीवर, चार्जरच्या ढिगाशेजारी, एक जाडजूड काळा फोन पडला होता. कडेला नारिंगी रबर, चारही बाजू सपाट. तिने काचेवर बोट टेकवलं.

"तो? तो नका घेऊ," दुकानदार हसला. "तो ट्रकवाले नेतात, क्रेनवाले नेतात. खाली आपटला तरी काही होत नाही, पण वजन बघा की."

बेबीचं बोट काचेवरून हललं नाही. दुकानदाराने कुरकुरत वाकून फोन काढला.

तिने तो काउंटरवर ठेवला. पावतीपुस्तक बाजूला केलं, हात काढून घेतला. फोन उभा राहिला. ती तीन पावलं मागे गेली, हात फाकवले, आणखी फाकवले, डोक्यावर नेले. सगळं पडद्यात होतं, अगदी ब्लाउजच्या बाहीला टोचलेली टाचणीसुद्धा. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"बाईमाणसाच्या हातात ही वीट?" दादा म्हणाला.

हे मात्र वहिनीने शब्दन् शब्द सांगितलं. उत्तर तयारच होतं.

"म्हणते, वीट उभी तरी राहते. आणि दिसायलाही तिला हाच आवडला. मोतिया रंग मळतो."

दुकानदाराला हसू आवरलं नाही. बॅटरीचं सांगायला त्याने वहिनीकडे तोंड वळवलं, मग थांबला, आणि सरळ बेबीकडे बघून एक हात डाव्या बाजूने उगवत्या सूर्यासारखा वर नेला आणि उजवीकडे मावळवला. पुन्हा एकदा वर नेला, पुन्हा मावळवला. दोन दिवस. बेबीने मान डोलावली.

दादाने पाकीट काढलं, तोवर बेबीचं कार्ड काउंटरवर आलं होतं. तिने दुकानदाराला खुणेने सांगितलं, माझं सिम यात घाला. आत्ता. इथेच.

सिम बसताच बेबीने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पिकल्या केसांची एक बाई आली, गळ्यात मापाची टेप. तिच्या मागे शिवणयंत्रांच्या दोन रांगा होत्या, आणि तिथे बसलेल्या बायका यंत्रं थांबवून एकमेकींशी हातांनी बोलत होत्या. वहिनीने असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या मोठ्या खोलीत एकीसाठीही कुणी दुभाष्या उभा नव्हता.

बाईचे हात हलले. 'आता दिसतेस नीट. कधी येतेस?'

'एक तारखेला,' बेबी म्हणाली. 'खोली बघून ठेवा. आणि आधीच सांगते, मी काज-बटणं करणार नाही.'

'काज-बटणं कोण म्हणालं? कटिंगचं टेबल रिकामं ठेवलंय तुझ्यासाठी.'

बेबीने दोन बोटांची कात्री हवेत चालवून दाखवली. नाक्यावरच्या टेलरकडे ती दहा वर्षं काज-बटणं करत होती. कापड बेतण्यात मालकापेक्षा तिचा हात साफ होता, पण गिऱ्हाइकाशी बोलणार कोण, असं मालक म्हणायचा. दादाही तेच म्हणायचा. आणि त्या दोघांचं म्हणणं मऊ करून बेबीपर्यंत पोचवायचं काम वहिनीचं होतं.

बोलणं संपलं, पडदा काळा झाला. दादा जवळ आला.

"कोण ही? काय बोलली ती?"

फोनवर स्वच्छ दिसतंय म्हणे, एवढं वहिनीने सांगितलं असतं तरी भागलं असतं. आजवर भागतच आलं होतं. तिने पर्स खांद्यावरून काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"ती समोर उभी आहे. तिला विचारा."

"मला काय येतंय ते?"

"म्हणूनच म्हणते."

दादा बहिणीकडे वळला. त्याने खांदे उडवले, तळवे उघडले. बेबीने त्याला सांगितलं. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश: एक बोट वर, मग स्वतःकडे, मग रस्त्याकडे, लांब, आणखी लांब. दुकानदार उगाच पावतीपुस्तकाची पानं सारखी करत बसला.

"जायचं नाही," दादा म्हणाला. आवाज चढला होता, तो तिच्या कामाचा नव्हता. "एकटीने कुठेही जायचं नाही, कळलं?"

बेबीने त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. या वेळी पाठ फिरवली नाही. फोन खोक्यात घातला, खोकं काखेत मारलं आणि त्याच्या बाजूने पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

दादा बायकोकडे बघत राहिला. वहिनी काउंटरपाशीच होती. खालच्या फळीकडे वाकून बघत तिने विचारलं,

"यातला अजून एक आहे का हो?"

"तुला कशाला?" दादा म्हणाला.

"आहे ना," दुकानदार म्हणाला. "निळ्या कडेचा चालेल?"

"उभा करून दाखवा," वहिनी म्हणाली आणि तीन पावलं मागे सरली.