बापाचा अर्धा वाटा

बायकोला मूत्रपिंड द्यायचं ठरल्यापासून ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी तंबाखू सोडली, पोट कमी केलं आणि डाव्या कुशीवर झोपणंही बंद केलं. माल दबायला नको. डायलिसिसच्या सुया खाऊन खाऊन बायकोच्या हातांच्या शिरा आता साथ सोडत होत्या. पण नवराबायकोचा रक्तगट जुळला होता. मास्तरांच्या लेखी काम फत्ते होतं.

"तुमच्या जिवंत पेशी यांच्या रक्तातल्या पाण्यात ठेवल्या," लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेलेली पेशी रंग शोषते. जवळपास सगळ्या रंगल्या. तुमचं मूत्रपिंडही असंच मरेल."

"चाचणी परत लावून बघा," मास्तर म्हणाले.

"हे परत लावलेलंच आहे."

"आमचं भांडण तोंडापुरतं होतं हो," बायको म्हणाली. "हे आतून कधी सुरू झालं?"

"गरोदरपणात. बाळात अर्धा बाप असतो. काही आयांचं रक्त त्याला परका समजून लक्षात ठेवतं. मुलं किती?"

"ही एक. हिच्या आधीचा पोटातच गेला."

नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी पुढे सरकली. "मग माझं घ्या."

"तुझ्यातही अर्धा मीच आहे. तुझ्याही पेशी मरणार!" मास्तर म्हणाले. इतक्या आनंदाने हे वाक्य त्या खोलीत आजवर कुणी उच्चारलं नसेल.

तरी तपासणी झालीच. निकालाच्या दिवशी मास्तर बाहेर बाकावर बसून पोरीच्या पेशी मरोत म्हणत होते. मग बायको आठवली, तेव्हा जगोत म्हणाले. मग पुन्हा मरोत. शेजारच्या माणसाला वाटलं, हा पाढे म्हणतोय.

"जगल्या," डॉक्टरबाई तिघांना आत घेऊन म्हणाल्या. "बापाकडे पेशींवरच्या खुणांचे दोन संच असतात, मुलाला त्यातला एकच मिळतो. आईचं रक्त ज्या संचावर उठलंय, तो हिच्यात नाही. गेलेल्या बाळात असणार."

"म्हणजे दादाने सगळं आपल्या अंगावर घेतलं," मुलगी म्हणाली.

"मी नाही घेणार," बायको म्हणाली. "आत्ता कुठे हिचं आयुष्य सुरू होतंय. अहो, तुम्ही सांगा ना हिला!"

मास्तरांनी पोरीकडे पाहिलं. मग बायकोच्या काळ्यानिळ्या हाताकडे.

"घे," ते बायकोला म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तळहात दाबून धरला.