तिच्या तोंडचं वाक्य

नऊ वर्षं मी तिचा आवाज होते. चेहरा लाखात एक, पण आवाज फाटका. म्हणून पडद्यावर ओठ हलवायची ती आणि बोलायचे मी. स्टुडिओत शिरले की हसून म्हणायची, आला बाई माझा गळा. अशा बाईच्या नवऱ्याशी मी दोन वर्षं चोरून संबंध ठेवले. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

तो दिग्दर्शक. तिचा हा शेवटचा सिनेमाही त्याचाच. चित्रीकरण संपलं आणि पंधरा दिवसांत, साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. तेव्हापासून मला घरात एकटीनं बोलायची चोरी झाली. बेल वाजली आणि मी ‘कोण?’ म्हटलं की वाटायचं, तीच विचारतेय. तो समजूत घालायचा, अगं, तिला काहीच कळलं नव्हतं, सुखानं गेली ती. त्या एका वाक्यावर मी सहा महिने ढकलले. पुढच्या महिन्यात आमचं लग्न होतं.

शेवटच्या प्रसंगाला तेवढा आवाज द्यायचा राहिला होता. बायको नवऱ्याला दुसरीकडे जाऊ देते, असा. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. कागदावर वाक्य होतं, ‘जा, सुखी राहा. राग नाही.’ वादळासाठी मोठाले पंखे लावलेले, त्यामुळे चित्रीकरणाच्या दिवशीच्या आवाजात नुसती घरघर.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक काका आणि तो बसले होते. पडदा उजळला. ती थेट समोर बघत होती. मी वाक्य बोलले. जुळेना. पुन्हा बोलले, तरी तेच. काका म्हणाले, आज काय झालंय तुला, तुझं तर एका फटक्यात बसतं.

मग लक्षात आलं. प, ब, म असलं काही बोलल्याशिवाय ओठ मिटत नाहीत, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. लिहिलेल्या वाक्यात ते कुठेच मिटत नव्हते. तिचे चारदा मिटत होते. मी न बोलता तिचं तोंड बघत राहिले. सहाव्या वेळी लख्ख वाचता आलं.

काकांनी तोडगा काढला, या वाक्याला तिची पाठ दाखवू, मग काहीही बोललीस तरी खपेल. तो लगेच हो म्हणाला. किती सोपं होतं. माझ्याच गळ्यानं तिनं मला माफ केलं असतं, वर लग्नही झालं असतं. ती माफी मला हवी होती हो, जीव तुटेपर्यंत हवी होती. पण नवरा घेतला तिचा, आता तोंडही घ्यायचं?

मी तोच चेहरा परत लावायला सांगितला आणि ओठ हलले तसं बोलले, “मला माहीत होतं. पहिल्यापासून.”

तंतोतंत बसलं. काका चक्रावले, हे कुठल्या कागदावर आहे म्हणाले.

तो चक्रावला नाही. कपाळाला हात लावून चिडून म्हणाला, “तेव्हाच सांगितलं होतं मी तिला, लिहिलेलंच बोल म्हणून.”

चित्रीकरणाच्या दिवशी तो कॅमेऱ्याला खेटून उभा होता, तिच्यापासून दोन हातांवर. पंखे असोत नाहीतर वादळ, त्यानं ऐकलं होतं. ती त्यालाच सांगत होती. आणि सहा महिने हा मला थोपटत होता.

काकांनी विचारलं, कोणतं ठेवू? तो म्हणाला, पाठीचं. मी हेडफोन काढून ठेवले आणि म्हटलं, ते मी बोलणार नाही, दुसरी बघा. दुसरी चालणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. लोकांना तिचा आवाज पाठ आहे.

जिन्यात येऊन त्यानं माझा हात धरला. तुला त्रास नको म्हणूनच बोललो नाही, म्हणाला. खरंही असेल ते. मी मात्र तो चित्रीकरणाचा दिवस आठवत होते.

“त्या संध्याकाळी तू माझ्याकडे जेवायला आला होतास,” मी म्हणाले. “दोनदा वाढून घेतलंस.”

त्यानं हात सोडला.