बिनबोलाचा इलाज

संघर्षला दोन ठिकाणं सांगितली होती, एक शिरूरला आणि एक दौंडला, आणि दोन्हीकडे मनातलं भ्यावं घालवायचा इलाज डोळे फिरवूनच करायचे. मांडवगण फराट्यातल्या त्याच्या घरात आठ दिवस यावरच खल चालला. पोरीला स्थळ बघतानाही माणसं एवढी चर्चा करत नाहीत.

चार महिन्यांपूर्वी रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट बदलताना सम्राटचा डावा हात पत्रा दाबायच्या प्रेसखाली मनगटापासून गेला. सम्राट म्हणजे त्याच्याच आळीतला, पहिलीपासूनचा जोडीदार. संघर्षने ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून भाकरी मोडायला घेतली तरी त्याला तो हात दिसायचा, आणि ताट तसंच सरकवून तो उठायचा. बायको गौतमी रडायची. कंपनीने त्याला सहानुभूती दाखवली, रजा दिली, डॉक्टर सुचवला. माणुसकीला जागली म्हणायची कंपनी.

कंपनीला माहीत नव्हतं ते असं. त्या जुन्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली की मगच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आपोआप बाहेर राहणार. पण त्याने काम रेंगाळायचं आणि टार्गेट काही रेंगाळत नसतं. म्हणून सगळेच एका बटणात लाकडी पाचर ठोकायचे, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं; साहेब दुसरीकडे बघायचे. नियम एकच, कुठे न लिहिलेला: ज्याने ठोकली त्याने जाताना काढायची. त्या दिवशी बसचा हॉर्न वाजला आणि संघर्ष पाचर न काढताच निघाला; त्याच प्रेसवर पुढची पाळी सम्राटची होती. दारात त्याला आठवलं. सम्राटला हाक मारायला वळला, तेव्हा सम्राट डाव्या हाताने पत्रा सरळ करत होता आणि त्याचा उजवा हात उरलेल्या बटणावर टेकला होता.

चौकशीत लिहिलं गेलं की पाचर सम्राटनेच ठोकली. संघर्ष तेव्हा गप्प बसला, आणि एकदा गप्प बसल्यावर रोज गप्प बसणं सोपं होत गेलं.

आधी तो दौंडला गेला. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ सविता मॅडम समोर खुर्ची घेऊन बसल्या, दोन बोटं हलवून दाखवली. म्हणाल्या, "सगळ्यात वाईट चित्र मनात धरायचं आणि नजर माझ्या बोटांमागे फिरवायची. तपशील हवा तेवढाच सांगा. पण त्या चित्राबरोबर स्वतःबद्दल जे वाक्य मनात येतं, ते मला लागेल."

वाक्य तयारच होतं. जिभेवर येऊन बसलं होतं.

"वाक्य काय न्हाई मॅडम. नुसतं दिसतं," संघर्ष म्हणाला.

"घाई नाही. पुढच्या वेळी बघू," मॅडम म्हणाल्या. त्या खरंच चांगल्या होत्या. म्हणूनच तो पुन्हा गेला नाही.

शिरूरच्या सरांची पद्धत वेगळी. "मला काहीच सांगू नका," ते म्हणाले. "डोळे माझ्या हातामागे फिरवा. मग वाईट चित्राच्या जागी तुम्हाला हवं ते दुसरं बसवायचं. पण नीट ऐका, चित्र बदलेल. घडलेलं तुम्हाला आठवतच राहणार."

"चालंल," संघर्ष म्हणाला.

घरी गौतमीला त्याने कारणं दिली. "तितं तीनच खेपा हायेत. दौंडला आठ-धा. आन् शिरूरला कंपनीची ओळख हाय."

"मग शिरूरच बरं. तुमी बरं व्हा म्हंजी झालं," ती म्हणाली. खरं कारण तिने विचारलं नाही, म्हणून तो तिच्यावरच चिडला.

इलाजाला गुण आला. तिसऱ्या खेपेला त्याने नवं चित्र बसवलं: सम्राट प्रेसपाशी येतो, हसतो, स्वतःच्या हाताने पाचर उपटून कोपऱ्यात फेकतो. दोन्ही हात धड. संघर्ष जेवू लागला, झोपू लागला. मग एका दुपारी तो सम्राटकडे गेला. अपघातानंतर पहिल्यांदा.

सम्राटची आई चांगुणा चुलीपाशी चहा करत होती. सम्राट बाजेवर बसला होता, डाव्या मनगटावर बाही ओढून घेतलेली.

"दिसतं का रं अजून?" त्याने विचारलं.

"न्हाई आता."

"मला तर त्या दिसाचं कायबी आठवत न्हाई. कागदात लिव्हलंय, पाचर मीच ठोकली. आये म्हणती, माझं पोरगं असं करायचं न्हाई. तू दारात व्हतास. तू म्हणशील ते मी खरं धरतो."

चांगुणाने चहा ढवळायचं थांबवलं.

संघर्षने डोळे मिटले. नवं चित्र स्वच्छ उभं राहिलं. घडलेलंही त्याला तितकंच स्वच्छ आठवत होतं.

"पाचरीवर हात तुझाच दिसतो मला," तो म्हणाला. यात अक्षरही खोटं नव्हतं, आणि असं खरं बोलणाऱ्या स्वतःच्या तोंडाची त्याला किळस आली.

सम्राटने उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "आये, ऐकलंस न्हवं? आता कंपनीला शिव्या देऊ नगंस." चांगुणाने मान खाली घालून चहा गाळला. पहिला कप तिने संघर्षलाच दिला.

"मला बी ने एकदा शिरूरला," सम्राट म्हणाला. "आता कळलंय तर झोप याची न्हाई मला. तितं काय बोलावं लागत न्हाई ना?"

"न्हाई. सोमवारी जाऊ, माझ्या गाडीवर."

"व्हय. धरून बशीन की एका हातानं."