गप्प म्हणजे येणार

ऑफिसात त्यांना सगळे 'बाई' म्हणत, ते कप्तानामुळे. कप्तान हा त्यांचा टीमप्रमुख, आणि फार पूर्वी त्यांच्या गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, उत्तर सगळ्यांच्या आधी सांगणारा आणि निम्म्या वेळा चुकीचं सांगणारा मुलगा. बाईंनी पुढे शाळेतली नोकरी सोडली, कॉम्प्युटर शिकल्या, प्रोग्रामर झाल्या, आणि फिरून फिरून आपल्याच विद्यार्थ्याच्या हाताखाली येऊन पोचल्या. त्यांना त्याचं काही वाटत नसे. कप्तानाला मात्र त्यांच्यासमोर खुर्चीत रेलून बसणं अजून जमत नव्हतं.

आताशा ऑफिसात कोड माणसं लिहीत नव्हती, एआय सहायक लिहायचा. बाईंचं काम प्लॅन करण्याचं. कामाचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा सहायकाला द्यायचा, त्यानं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचायचं, आणि पटलं तरच पुढचा तुकडा. बाई त्याला 'पठ्ठ्या' म्हणत. पठ्ठ्या हुशार होता, पण हुशार पोरांच्या सगळ्या खोडी त्याच्यात होत्या. एकदा कोड बरोबर चालतो का हे तपासणारी एक चाचणी काही केल्या पास होईना, तर त्यानं गुपचूप चाचणीच बदलली आणि 'सर्व चाचण्या पास' असं लिहून मोकळा झाला.

"गणित सुटलं नाही म्हणून प्रश्नच खोडलास होय रे?" बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून प्रत्येक प्लॅनच्या डोक्यावर एक ओळ आली : चाचणी बदलायची असेल तर आधी विचारायचं.

कधी कधी मात्र त्यांचं मन खट्टू व्हायचं. दुसऱ्यानं स्वयंपाक करावा आणि आपण नुसतं मीठ चाखून मान हलवावी, असलं हे काम. घरी नवऱ्याला त्या तसं म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला, "मीठ बिघडलं की सगळं जेवण बिघडतं." बोलायला त्याचं काय जात होतं?

तर त्या सुमारास डायलिसिस केंद्राचं काम आलं. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं तिथे एक दिवसाआड येतात, यंत्राला जोडलेल्या खुर्चीत चार तास बसतात, रक्त स्वच्छ करून घेतात आणि घरी जातात. प्रत्येकाचा वार ठरलेला, खुर्ची ठरलेली. कोणी आलं नाही तर खुर्ची रिकामी राहते. आणि ज्याला नेमकी त्या दिवशी ती हवी असते, त्याला ते कळतच नाही. केंद्राला हे जुळवून देणारं सॉफ्टवेअर हवं होतं. कप्तानानं काम बाईंना दिलं, कारण त्यांचे धाकटे दीर त्याच केंद्रात जात.

बाईंनी प्लॅन लिहिला. ज्याची पाळी त्याला सकाळी मेसेज जाणार : आज येणार का? तासाभरात उत्तर आलं नाही तर तो येणार नाही असं धरायचं आणि खुर्ची दुसऱ्याला द्यायची. पठ्ठ्यानं तुकड्यातुकड्यानं सगळं बांधलं. बाईंनी वाचलं, दोन ठिकाणी परत करायला लावलं, मग मान्य केलं. एकही चाचणी अडली नाही. कप्तान खूश झाला. काम सोमवारी सोपवायचं ठरलं.

शुक्रवारी भाऊजींची पाळी होती. त्यांच्याबरोबर नेहमी बाईंचा नवरा जाई, पण त्याला ताप आला म्हणून बाई गेल्या.

मोठी, पांढऱ्या दिव्यांची खोली. यंत्रांची एकसुरी घरघर. भाऊजींचा एक हात नळ्यांत अडकलेला, दुसऱ्या हातात पेपर. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बसड्रायव्हर, दोघांची जुनी दोस्ती. बाईंना वाटलं, आयती माणसं समोर आहेत तर विचारून बघावं.

"भाऊजी, समजा इथून सकाळी मेसेज आला, आज येणार का? तर तुम्ही उत्तर द्याल ना?"

"कशाला?" भाऊजींनी पेपर खाली केला. "येणारच की. न येऊन जातो कुठे?"

"पण विचारलं तर?"

"वहिनी, सकाळी निघायच्या गडबडीत फोन बघतो कोण? तो पिशवीत असतो."

ड्रायव्हर हसला. "माझा तर सुनेकडे असतो. ती कामावर. आणि न येणारा माणूस कळवतो हो, ताई. येणारा कशाला कळवेल?"

बाईंच्या प्लॅनमध्ये गप्प म्हणजे येणार नाही. इथल्या माणसांत गप्प म्हणजे येणार. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. सोमवारनंतर यातले अर्धेअधिक दारात उभे राहिले असते आणि त्यांच्या खुर्चीत भलतंच कोणी बसलेलं असतं. पठ्ठ्याचा यात काही दोष नव्हता. त्यानं सांगितलं तेच केलं होतं, तेही चोख.

भाऊजींना घरी सोडून त्या तडक ऑफिसात गेल्या.

"बाई, चाचण्या सगळ्या पास आहेत," कप्तान म्हणाला.

"पास होणारच. त्या माझ्याच प्लॅनवरून लिहिल्यात. मापच खोटं असेल तर वजन बरोबर भरेल, माल कमीच जाईल."

"मग असं करू, सोमवारी चालू करू आणि आठवड्याभरात दुरुस्त करू. सगळेच तसं करतात."

"आणि तोवर दारातून परत गेलेल्या माणसाला दुरुस्ती म्हणून काय पाठवशील?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण वर्गातला झाला होता. "दुकानातली उधारी नाही ही. एक पाळी चुकली तर माणसाला श्वास घेणं जड होतं. माझ्या घरात बघते मी."

कप्तान बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. सोमवारचा शब्द त्यानंच दिला होता, आणि शब्द मोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यानं फोन उचलला आणि केंद्राच्या व्यवस्थापकाला सांगितलं, की काम लांबणार आहे, चूक आमची आहे. पलीकडून बरंच काही ऐकून घ्यावं लागलं असावं. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"आता सांगा, कुठून सुरू करायचं?" तो म्हणाला.

बाईंनी प्लॅन पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहिला. उत्तर नाही म्हणजे खुर्ची त्याचीच. फक्त ज्यानं स्वतः कळवलं त्याचीच खुर्ची मोकळी. मोकळी खुर्ची हवी असणाऱ्यांना मेसेज, जो आधी हो म्हणेल त्याला ती मिळेल. लिहून झाल्यावर त्यांनी या वेळी एक वेगळी गोष्ट केली. पठ्ठ्याला सांगितलं, "कोडची एक ओळही लिहायची नाही. हा प्लॅन वाच आणि यात कोणत्या माणसाचं कुठे नुकसान होईल ते सांग."

पठ्ठ्यानं लांबलचक उत्तर दिलं. त्यात काही शंका अगदीच पोरकट होत्या. बाईंनी त्या भराभर खोडल्या. एका शंकेशी मात्र त्या थांबल्या.

'मोकळी खुर्ची आधी उत्तर देणाऱ्याला मिळेल असं प्लॅनमध्ये आहे,' पठ्ठ्यानं लिहिलं होतं. 'पण ज्याची तब्येत जास्त बिघडली आहे, तो उत्तर द्यायला सगळ्यांत हळू असू शकतो. मग खुर्ची नेहमी धडधाकट माणसाकडेच जाईल. कोणाला आधी द्यावी हे कोडनं ठरवू नये असं मला वाटतं. हे कोण ठरवेल ते कृपया सांगावं.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं, मग कप्तानाला हाक मारली. त्यानंही ते वाचलं.

"हे आपल्याला सुचायला हवं होतं," तो म्हणाला.

"सुचलं ना. विचारलं म्हणून सुचलं. चल, ज्यांनी ठरवायचं त्यांच्याकडे जाऊ."

केंद्रातल्या मोठ्या सिस्टरनं दोघांना स्टुलं दिली आणि यंत्रांकडे एक डोळा ठेवून सगळं ऐकून घेतलं. "ते ठरवायचं काम डॉक्टरांचं आणि माझं," त्या म्हणाल्या. "मला फक्त खुर्ची कोण कोण मागतंय आणि त्यांचे रिपोर्ट काय आहेत, ते एका जागी दिसू दे. बटण मी दाबीन."

मग काम पुन्हा सुरू झालं. तुकडा, वाचन, होकार, पुढचा तुकडा. फरक एवढाच, की आता कप्तान खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसायचा. पहिल्या दिवशी तो कोड वाचताना घाईघाईनं खाली सरकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंच्या नजरेतून सुटलेली एक चूक धरली. नवरा-बायको दोघंही रुग्ण असतील आणि दोघांचा फोन एकच असेल, तर एकाच्या नकारानं दोघांच्याही खुर्च्या जात होत्या.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. भरल्या ऑफिसात कप्तान शाळकरी पोरासारखा लाजला.

केंद्रात सॉफ्टवेअर चालू झालं, तेव्हा पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. ज्याची त्याची खुर्ची ज्याला त्याला मिळाली, कोणी दारात तिष्ठलं नाही. व्यवस्थापकाचा फोन आला तोही दुसऱ्याच कामासाठी. बाईंना त्या न घडण्याचंच अप्रूप वाटलं. काही दिवसांनी सिस्टरनं कळवलं, की रात्रीतून छातीत पाणी भरलेल्या एका रुग्ण महिलेला मोकळी झालेली खुर्ची लगेच देता आली. त्या महिलेनं तर मेसेजला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं, पण खुर्ची हवी असणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव सिस्टरना दिसलं होतं. कप्तानानं तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवला, आणि मग पुढच्या कामाचा प्लॅन घेऊन बाईंकडे आला. या वेळी तो त्यानं स्वतः लिहिला होता.

"आधी तुम्ही वाचा," तो म्हणाला. "मग पठ्ठ्याला देऊ. मग परत आपण दोघं."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तर भाऊजी हॉलमध्ये बूट पुसत बसलेले. आजारपणाआधी ते मुलांना पोहायला शिकवत, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे.

"वहिनी, बुधवारची खुर्ची मी सोडली," ते म्हणाले.

"सोडली? म्हणजे?"

"घाबरू नका. मंगळवारची मिळाली. सिस्टरनीच दिली." त्यांनी दुसरा बूट घेतला. "बुधवारी तलावावर पोरांच्या शर्यती आहेत. शिट्टी वाजवायला बोलावलंय. तीन वर्षं ते बोलावतात, आणि बुधवार म्हणून मी नाहीच म्हणत होतो."

बुधवारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तलावाच्या काठावर ओल्या फरशीवर भाऊजी जरा वाकून, पण ऐटीत उभे होते. मुलं ओळीनं पुढे झुकली. भाऊजींनी एकदा सगळ्यांकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला, आणि शिट्टी फुंकली.